बंडूकाकाचं पत्र परत आलं नाही

आधीच सांगून टाकते, मी देवळात गेले तरी माझं लक्ष बाहेर चपलेवर असतं. अमावास्या कधी येते कधी जाते मला पत्ता नसतो. भूतबित तर लांबच! माझा विश्वास फक्त लॉगवर, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदींवर. महापेला एका कंपनीत मी मेल सर्व्हर सांभाळते. दिवसभर कुणी ना कुणी येऊन सांगतं, "मी मेल पाठवली होती हं", आणि मी लॉग उघडून दाखवते की बाबा, नाही पाठवलीस. लॉगमध्ये नाही म्हणजे घडलंच नाही... असं माझं सरळ गणित होतं.

मग शैलाआत्याने मला हे सांगितलं. आणि यात प्रॉब्लेम असा आहे की ते लॉगमध्ये होतं.

विषय कसा निघाला ते सांगते. मागच्या महिन्यात रविवारी मी आत्याकडे वाशीला जेवायला गेले होते आणि माझं नेहमीचं रडगाणं चालू होतं. एक एलियास आहे आमच्याकडे, राक्षसासारखा मोठा. एलियास म्हणजे एक टोपणनाव समजा. त्या एका नावाला मेल टाकली की त्याच्यामागे लावलेल्या सगळ्यांना जाते. आता त्यातली निम्मी माणसं नोकरी सोडून गेलेली. मेल टाकली रे टाकली की "असा माणूस इथे नाही" करत ढिगाने परत येतात. बाउन्स म्हणतो आम्ही त्याला. मी म्हटलं, आत्या, उद्या सकाळी सरळ उडवणार आहे सगळी मेलेली नावं.

आत्याचा आमटीचा डाव हवेतच थांबला.

"लगेच नको उडवू. कुठे गेलेत ते आधी विचार."

"तुला काय माहीत गं एलियास म्हणजे काय ते?"

"गाढवे, तुझा जन्म व्हायच्या आधी मी लिस्ट सांभाळलीय. पावण्याला."

मला वाटलं मस्करी करतेय. मस्करी नव्हती. माझी आमटी गार झाली, भात वाळला, आणि मी ऐकत बसले.

तर साल अठ्ठ्याऐंशी. आत्या तेव्हा माझ्याएवढीच. पावण्याच्या एमआयडीसीत एक मोजमापाची यंत्रं बनवणारी कंपनी होती, तिथे कॉम्प्युटर सेक्शनला ऑपरेटर. एसी रूम, चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरासारखं. बाहेर जाणारी मेल त्या एकाच मशीनवर. रोज जेवणानंतर ते मशीन मोडेमवरून मुंबईला एका संस्थेत फोन लावायचं. ट्यांऽऽ खर्रर्र असा आवाज. तेवढ्यात इकडची पत्रं तिकडे, तिकडची इकडे, की फोन बंद. उत्तर दुसऱ्या दिवशी, आणि त्याचं पण सगळ्यांना केवढं अप्रूप!

आणि वाशी... आत्या सांगते तेव्हा मला खरंच जळायला होतं. ट्रेन नव्हती, नुसत्या गप्पा होत्या ट्रेनच्या. नवीन नवीन बिल्डिंगी, पण संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवे. कुणाच्या घरी दिवा लागला की आख्ख्या सोसायटीला कळायचं, आले बरं का नवीन लोक. मग कुणीतरी चहा घेऊन जायचं. पावण्याच्या बसमधून दोन्ही बाजूंना खाडी, मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, मधेच कारखान्यांची धुरांडी. घरात फोन नाही, नंबर लावून वर्षं झालेली.

घरात दोघीच, आत्या आणि आजी. म्हणजे आत्याची आई, माझी आजी. आजोबा गेलेले. माझे बाबा तेव्हा अमेरिकेत शिकायला. आणि सगळ्यात मोठा बंडूकाका... तो नव्हता. म्हणजे कुठे होता ते कुणालाच माहीत नव्हतं.

बंडूकाका एकोणीस वर्षांचा असताना जहाजावर गेला. स्वयंपाकी म्हणून, आजोबांशी भांडून. तेव्हा ही सगळी लालबागला एका खोलीत राहायची. कांडल्याहून त्याचं एक पोस्टकार्ड आलं, त्यानंतर काही नाही. आणि खरी गोम पुढे आहे. तो गेल्यावर दोन वर्षांनी ही मंडळी वाशीला आली. लालबागची ती चाळ पण पडली. म्हणजे त्याने पत्र लिहिलं तरी कुठे लिहिणार? परत आला तर कुणाचं दार वाजवणार? आजीला बाकी कशाचं नाही, एवढंच टेन्शन होतं. पोराकडे पत्ता नाही.

मेलचं सुरू झालं ते बाबांमुळे. त्यांच्या युनिव्हर्सिटीत मेल होती, आत्याकडे मेल होती. मग आत्या रात्री आजीचं पत्र कागदावर उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये इंग्लिश अक्षरांत टाईप करायची. आजी देवगडची, तिचं सगळं मालवणी. आणि प्रत्येक पत्राची सुरुवात पत्त्याने! वाशी, बसमधून उतरलास की पाण्याची टाकी, टाकीच्या मागची बिल्डिंग, तळमजला. मगच "जेवलंस काय रे?"

बाबा म्हणायचे, आई, मला माहितेय आपण कुठे राहतो.

"तुका नाय रे," आजी म्हणायची. "कोणय वाचीत."

आणि वाचलं की हो! बाबांच्या खोलीतल्या पोरांनी वाचलं. मग त्यांच्या मित्रांनी. सगळी घरापासून लांब, सगळ्यांना आजीचं पत्र हवं. मला पण लावा, मला पण लावा. आत्याने मग एक एलियास बनवला, नाव ठेवलं आई. आईला मेल टाकली की सगळ्या पोरांना. एक तेलुगू मुलगा होता, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्याचा पार्टनर वाचून दाखवायचा म्हणे, आणि नाव काढू का विचारलं तर रुसला. एकाने लिहिलं की मी सोलकढीत आमसुलाऐवजी लिंबू पिळतो... आजी दोन दिवस त्या धक्क्यातून बाहेर आली नाही. "लिंबू? आवशीन ह्यां शिकवल्यान?"

आत्या रोज संध्याकाळी घरी आली की आजीला सगळी नावं वाचून दाखवायची. हजेरीसारखी. एकदा वाचून झाल्यावर आजी म्हणाली, "बंडूचा नाव खंय?"

"आई, त्याचा ॲड्रेस नाही."

"नाव तर हा मा? सगळ्यांची लिवतंस, तेचाच तेवढा नको?"

आता कुठलीही शहाणी ऑपरेटर असं करणार नाही. पण आत्याने केलं. लिस्टच्या शेवटी नुसतं बंडू लिहिलं. पुढे काही नाही. मशीनला वाटणार की बंडू इथेच, याच ऑफिसात काम करतो. त्या नावाचा माणूस ऑफिसात नाही, मग मिनिटाच्या आत बाउन्स. तसंच झालं. आत्याने आईला पत्र टाकलं की स्क्रीनवर लगेच यायचं, नवीन मेल आलीय. उघडलं की, बंडू, असा युजर माहीत नाही. रोजचं!

आणि आत्याने आजीपासून लपवलं नाही. आजी रोज विचारायची, "परत इला?"

"आलं."

"येंवदे. उद्या परत धाड."

आत्याच्या शेजारी म्हात्रे बसायचा, टेप बदलायला. पावण्याचाच, गावातला. त्याला हे रोज बघून पाठ झालं होतं.

"मॅडम, आज बी आला का परत?"

"आला ना."

"या मशीनीच्या जागी आमचं खलं होतं, म्हायताय? भात झोडायचो आमी. तवा कोन बी आला तरी कोन नाय म्हनत नव्हता. ही बया रोज म्हनते, मानूस नाय, मानूस नाय! बोलायला काय जातंय हिचं?"

असं वर्षभर मजेत चाललं. मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे आत्याच्या साहेबांना, कर्णिकांना, लिस्ट सापडली. पोरं पास होऊन नोकरीला लागली होती, जुने ॲड्रेस मेलेले, आणि आजीचा नियम होता की पोरगा कुठे गेला कळल्याशिवाय नाव काढायचं नाही. त्यामुळे बाउन्सचा पूर. दुपारचा फोन संपेचना, ऑफिसची खरी कामं मागे पडायला लागली. साहेबांनी आत्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मिस सावंत, हा आई कुठला प्रोजेक्ट आहे?"

आत्याने खरं सांगितलं. साहेबांनी लिस्ट वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "लिस्ट राहू दे. पण ज्यांचं परत येतं ती सगळी नावं सोमवारपर्यंत गेली पाहिजेत. सगळी." आत्या दारापर्यंत पोचली तर मागून, "आणि हे बघ... माझा पुतण्या टेक्सासला आहे. त्याचं घाल."

दुसरी गोष्ट, गावाहून तात्या आले. आजोबांचे धाकटे भाऊ. बारा वर्षं झाली होती ना बंडूकाकाला. आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात. तात्या भटजी ठरवूनच आले होते, शनिवार सकाळ. दर्भ पण पिशवीत.

"वैनी, आता पुरे. त्याचा जीव अडकलाय. घर अडकलंय. या शैलाचं लग्न जमत नाही ते उगाच?"

"तात्या, माझं जमत नाही कारण मला जमवायचं नाहीये," आत्या म्हणाली. तात्यांनी तिच्याकडे बघितलं पण नाही.

आजी दोन दिवस नाही, नाही करत राहिली. पण सगळे एकीकडे, ती एकटी. भटजी, शेजारी, गावाहून आलेली पत्रं... गुरुवारी रात्री तिने आत्याला हाक मारली. कागद घे म्हणाली.

ते पत्र आत्याला अजून तोंडपाठ आहे. मी जसंच्या तसं लिहितेय.

"वाशी. बसमधून उतरलंस की पाण्याची टाकी. टाकीच्या मागची बिल्डिंग, तळमजलो. बंडू, ह्यां पत्र तुकाच. तात्या इलेत. तुझां करूया म्हणतत. मिया बारा वर्सां नको म्हटलंय, आता माझां कोण आयकणा नाय. तुका नको आसात तर ह्यां पत्र ठेवन घे. परत धाडू नको."

"आई, हे सगळ्या पोरांना जाईल गं."

"जांवदे. तेंका पण कळूंदे."

आत्या सांगते की त्या रात्री तिला झोप लागली नाही. भीतीने नव्हे. तिला माहीत होतं ना काय होणार ते! मशीन काय पत्र वाचतं? मिनिटाभरात परत येणार, आणि मग संध्याकाळी घरी जाऊन आजीला आलं म्हणून सांगायचं, आणि शनिवारी पुतळा. सोमवारी लिस्टमधूनही नाव काढायचं. ती म्हणते, दोन्हीकडून माझ्याच हातून जाणार होता तो.

शुक्रवारी लंच टाइमला तिने पत्र टाईप केलं. साहेब हेड ऑफिसला गेलेले. रूममध्ये ती आणि म्हात्रे, तो डबा खात होता. तिने मेल टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

काही आलं नाही.

मशीन अडकलं असेल म्हणून तिने एक-दोन कमांड मारल्या. व्यवस्थित चालू. म्हात्रे बोंबलाचा तुकडा हातात धरून उठून आला.

"आज नाय बोंबलली का?"

"थांब ना."

थांबले. त्याचा डबा संपला, हात धुऊन आला, तरी काही नाही. मग आत्याने स्वतः बंडूला एक ओळ टाकली, टेस्ट म्हणून. लगेच बाउन्स! असा युजर माहीत नाही. मग आई या एलियासला टेस्ट टाकली. लगेच बाउन्स, बंडू माहीत नाही. मग तिने लॉग उघडला. आजीच्या पत्राखाली सगळ्या पोरांची नावं, रांगेत लागलेली, दुपारच्या फोनची वाट बघत. आणि शेवटी बंडू. त्याच्यापुढे, पोचलं.

मी इथे आत्याला थांबवलं. म्हटलं, पोचलं म्हणजे ऑफिसच्याच मशीनवर पोचलं, मग तिथे बंडूची पेटी पाहिजे, फाइल पाहिजे. ती म्हणाली, तुझ्याआधी मी बघितलं. पेटी नव्हती. युजरच्या यादीत नाव नव्हतं. असं नाव घालायला पासवर्ड लागतो, तो फक्त तिच्याकडे आणि साहेबांकडे.

"म्हात्रे, खरं सांग. तू काय केलंस?"

"आईची शप्पत मॅडम, मी तं जेवत होतो!" आणि मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "ठेवून घेतला त्यानं."

आत्या बसने घरी आली. ती म्हणते की बसमधून मिठागरं दिसत होती, ऊन होतं, सगळं रोजच्यासारखं होतं, आणि मला कळत नव्हतं की मी रडतेय का हसतेय. घरी दर्भ पाटावर काढून ठेवलेले. तात्या पेपर वाचत होते. आजी दारातच.

"परत इला?"

"नाही आलं."

आजीने दाराची कडी धरली. "बग हां. नीट बगलंस?"

"तीनतीनदा बघितलं आई. नाही आलं."

आजी आत गेली. दर्भ उचलले, पिशवीत भरले, पिशवी तात्यांच्या बॅगेवर ठेवली. "भावजी, च्या घेतलास? उद्या काय नाय करूचा."

तात्या भडकले. "वैनी, वेड लागलं काय? मशीन बिघडलं असेल!"

"बिघडलां आसात. मगे ता दुरुस्त होयसर तुमची क्रिया पण ऱ्हवांदे."

तात्या रविवारच्या एसटीने परत गेले.

सोमवारी आत्याने मेलेली नावं काढली, नवीन ॲड्रेस शोधून घातले. बंडूचं ठेवलं. साहेबांनी विचारलं तर म्हणाली, सर, तुम्ही म्हणालात ज्यांचं परत येतं त्यांची काढ. याचं परत येत नाही. आणि खरंच येत नव्हतं! त्यानंतर आजीचं एकही पत्र परत आलं नाही. आत्याची टेस्ट दर वेळी परत. म्हात्रेने हौसेने एक टाकून बघितली, परत. एकदा आजीला ताप होता, तर आत्याने तिच्यासारखंच हुबेहूब पत्र बनवलं. पत्ता, टाकी, जेवलंस काय, सगळं. मिनिटात बाउन्स. आजीला सांगितलं तर तापातसुद्धा खुश. "माका इचारल्याशिवाय लिवलंस? तेका कळता तां."

त्या दिवसांत घर कसं होतं ते आत्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे. पोरं अमेरिकेतून सुट्टीला आली की थेट दारात! पत्ता विचारायची गरजच नाही, पाठच होता सगळ्यांना. तो तेलुगू मुलगा पण आला होता एकदा, टाकीला हात लावून मगच घरात आला. आजीने त्याला सोलकढी पाजली. दर वेळी बेल वाजली की आजी स्वतः उठायची दार उघडायला. दुसऱ्या कुणाला उठू द्यायची नाही.

बंडूकाका आला नाही. हे मला स्पष्ट सांगायला हवं, कारण इथे वाचताना तुम्हाला वाटत असेल की आता शेवटी बेल वाजेल. नाही वाजली. पुढच्या वर्षी गणपतीनंतर आजी गेली, झोपेतच.

तेरावं झाल्यावर आत्या ऑफिसला गेली. पोरांना कळवायचं होतं. एक ओळ टाईप करायची, आईला टाकायची, संपलं... लिस्ट होतीच की! पण तिने लिस्ट वापरली नाही. एकेका पोराचा लांबलचक ॲड्रेस हाताने टाईप करून, एकेकाला वेगळं पत्र लिहिलं. आख्खी दुपार गेली.

म्हात्रे बघत होता. शेवटी राहवलं नाही त्याला. "मॅडम, यादी हाय ना? येका झटक्यात जाईल."

"यादीत तो पण आहे रे," आत्या म्हणाली.

मी तिला विचारलं, अगं पण तुझी पत्रं तर दर वेळी परत यायचीच, हे पण आलं असतं, त्यात काय? ती म्हणाली, "आलं असतं तर मला वाटलं असतं की आता घ्यायला कुणी नाही. नसतं आलं तर वाटलं असतं की त्याला आधीच माहीत होतं. दोन्ही नको होतं मला."

ते मशीन पुढे भंगारात गेलं. आई हा एलियास पण त्याच्याबरोबर. मी घरी येऊन रात्रभर डोकं खाजवलं, ऑफिसात सीनियरना विचारलं. एकाच लिस्टमध्ये एकाच नावाला एका बाईची पत्रं पोचतात आणि बाकीच्यांची परत येतात, असं काही सेटिंग नसतं. कुणी म्हणालं बग असेल, प्रोग्रॅममधली चूक. असेल. पण कुठला बग पत्र ऐकतो? इथे कुणी जुन्या मशीनवर काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, मी सिरियसली विचारतेय.

आणि हो... बंडूकाकाची क्रिया आजपर्यंत झालेली नाही. पितृपक्षात आजोबांचं होतं, आजीचं होतं. बाबांनी एकदा हळूच विषय काढला होता की त्याचं पण करून टाकूया का. आत्या म्हणाली, "पत्र ठेवून घेतलंय त्याने," आणि खीर ढवळायला लागली.

माझी ती राक्षसासारखी लिस्ट अजून तशीच आहे. रोज दोन-तीन नावं घेते आणि फोन करून विचारते, तुमच्याकडचे ते अमुकतमुक, कुठे गेले हो?